छपराचे पूल : ईशान्य अमेरिकेतील लाकडी पुलांचा उदय, ऱ्हास आणि जतन

अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती आणि वर उतरते छप्पर असलेले लाकडी पूल लहानमोठ्या नद्यांवर आजही पाहायला मिळतात. एकोणिसाव्या शतकात अशा पुलांची संख्या देशभरात दहा हजारांच्या वर गेली होती. आज त्यांतील हजारही उरलेले नाहीत. जे गेले ते पुराने, आगीने, वाढत्या वाहतुकीने आणि दुर्लक्षाने गेले. जे राहिले ते मात्र आपोआप राहिलेले नाहीत. दर पिढीत कोणीतरी ते राखायचे ठरवले, त्यासाठी पैसा उभा केला आणि कष्ट उपसले, म्हणून ते राहिले. कॉर्निश–विंडसर, ओल्ड ब्लेनहाइम आणि बार्टन्सव्हिल या तीन पुलांचा इतिहास एकत्र पाहिला, तर लाकडासारख्या नाशवंत द्रव्याची सार्वजनिक वास्तू दीडशे वर्षे कशी टिकते, ती नाहीशी झाल्यावर तिचे काय उरते आणि ती पुन्हा उभारणे कितपत योग्य ठरते, या प्रश्नांचा विचार अधिक नेमकेपणाने करता येतो.

छप्पर कशासाठी

या पुलांवरील छप्पर वाटसरूंना पावसापासून किंवा हिमवर्षावापासून वाचवण्यासाठी घातले जात असे, हा समज सर्वत्र आढळतो. वाटसरूंना आडोसा मिळत असे हे खरे, तथापि छपराचा मुख्य हेतू वेगळा होता. लाकूड कोरडे राहिले तर शतकानुशतके टिकते. परंतु त्यातील ओलावा वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांच्या पुढे जाऊन तसाच राहिला, तर त्यावर बुरशी वाढते आणि ती लाकूड आतून पोखरून टाकते. पुलाच्या बाबतीत हा धोका सर्वांत अधिक असतो तो सांध्यांपाशी. दोन तुळया जिथे एकमेकींत खाच पाडून बसवलेल्या असतात तिथे पाणी शिरते, ते सहजासहजी वाळत नाही, आणि पुलाचा सगळा भार ज्या ठिकाणी एका लाकडातून दुसऱ्यात उतरतो नेमकी तीच जागा कुजू लागते. उघडा लाकडी पूल त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत धोकादायक होत असे. छप्पर आणि बाजूच्या फळ्या ऊनपाऊस स्वतःवर घेत, झिजत आणि वेळोवेळी बदलल्या जात. आतला सांगाडा मात्र कोरडा राही.

ही युक्ती अमेरिकेत प्रथम सुचली असे नाही. स्वित्झर्लंडमधील लुसर्न येथील कापेलब्रुक हा छपराचा पूल चौदाव्या शतकातील आहे, आणि त्याच देशात शाफहाउझन येथे ग्रुबेनमान घराण्यातील सुतारांनी अठराव्या शतकाच्या मध्यास ऱ्हाइन नदीवर बांधलेला लाकडी पूल, १७९९ मध्ये फ्रेंच सैन्याने तो जाळेपर्यंत, युरोपभर नावाजलेला होता. अमेरिकेतील परंपरेचा आरंभ साधारणपणे फिलाडेल्फिया शहरातील ‘पर्मनंट ब्रिज’ या पुलापासून मानला जातो. मॅसॅच्युसेट्समधील टिमथी पामर या सुतार-स्थापत्यकाराने स्कूलकिल नदीवर बांधलेला हा पूल १८०५ मध्ये खुला झाला. पूल बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी त्यावर छप्पर घालण्याचा आग्रह धरला, आणि छपरामुळे पुलाचे आयुष्य कितीतरी पटींनी वाढेल या मताला पामरने दुजोरा दिला. एवढा मोठा खर्च करून बांधलेली वास्तू दहा वर्षांनी पुन्हा बांधावी लागू नये, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत तो हजारो गावांनी स्वीकारला.

कैचीचे शास्त्र

छपराने लाकूड टिकवले, परंतु शंभर-दोनशे फुटांचा गाळा, म्हणजे पुलाच्या दोन आधारांमधले मोकळे अंतर, ओलांडण्याचे सामर्थ्य या पुलांना मिळाले ते कैचीमुळे. कैची म्हणजे उभ्या, आडव्या आणि तिरप्या लाकडांची अशी गुंफण, की जिच्यात भार त्रिकोणांमधून वाटला जातो आणि प्रत्येक लाकडावर मुख्यतः एक तर दाब येतो किंवा ताण येतो. एकच लांब तुळई मधोमध वाकते आणि मोडते. त्याच वजनाचे लाकूड कैचीच्या रूपाने रचले, तर ते कितीतरी पटींनी लांबचे अंतर पेलते. पुलाच्या दोन्ही बाजूंना अशी एकेक कैची उभी असे, तिच्या खालच्या तुळयांवर रस्त्याची लाकडी जमीन टाकलेली असे आणि वरच्या तुळयांवर छप्पर बसवलेले असे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रचनेचे चार प्रमुख प्रकार पुढे आले. थिओडोर बर याने कैचीला लाकडी कमानीची जोड दिली. ही पद्धत पेनसिल्व्हेनियात फार लोकप्रिय झाली. कनेटिकटमधील वास्तुविशारद इथिएल टाउन याने १८२० मध्ये पेटंट घेतलेली जाळीदार कैची याहून साधी आणि म्हणूनच अधिक क्रांतिकारी ठरली. टाउनच्या पद्धतीत अवजड तुळयांची गरजच नव्हती. गावच्या लाकूड-गिरणीत कापलेल्या सारख्या मापाच्या फळ्या तिरप्या, एकमेकींना छेदत जाळीसारख्या उभ्या करायच्या, प्रत्येक छेदावर भोके पाडून त्यांत ओक लाकडाच्या जाड खुंट्या ठोकायच्या, आणि अशी जाळी हवी तितकी लांब वाढवत न्यायची, एवढेच त्यात करावे लागे. मोठ्या सांध्यांचे कौशल्य नसलेल्या सामान्य सुतारालाही हे काम जमण्याजोगे होते. टाउन आपल्या रचनेच्या वापरासाठी दर फुटामागे एक डॉलर आकारत असे, आणि परवानगीवाचून कोणी पूल बांधल्याचे आढळले तर दोन डॉलर मागत असे. पुढे सैन्यातील अभियंता स्टीफन लाँग याने १८३० मध्ये, उभे खांब आणि त्यांच्यामधल्या चौकटींत एकमेकांना छेदणारी तिरपी लाकडे अशी, गणिताच्या आधारे आखलेली कैची मांडली. विल्यम हाउ याने १८४० मध्ये उभ्या लाकडांच्या जागी लोखंडी सळ्या बसवल्या. सळीच्या टोकावरची चाकी आवळून सैल झालेली कैची पुन्हा ताठ करता येऊ लागली, आणि त्याच वेळी लाकडाकडून लोखंडाकडे जाणारी वाटही उघडली.

गाव, नाका आणि बर्फ

या पुलांचा खरा विस्तार ग्रामीण भागात झाला. डोंगराळ प्रदेश, मुबलक पाइन आणि स्प्रूस वृक्ष, पाण्यावर चालणाऱ्या लाकूड-गिरण्या आणि दर वसंतात बर्फ वितळून येणारे पूर, या साऱ्यांमुळे लाकडी पूल हे तेथील गावांचे गरजेचे आणि आवाक्यातले बांधकाम झाले. मोठ्या नद्यांवर खासगी कंपन्या पूल बांधून पथकर वसूल करत. लहान प्रवाहांवरचे पूल गाव स्वतःच्या पैशातून उभारे. व्हरमाँटमध्ये मार्च महिन्याच्या पहिल्या मंगळवारी भरणाऱ्या गावसभेत, ज्या सभेत गावाचे मतदार एकत्र बसून वर्षाचा खर्च मंजूर करतात, रस्ते आणि पूल हे विषय तेव्हाही असत आणि आजही असतात.

पुलाची उंची-रुंदी ठरवताना गवताने शिगोशीग भरलेली गाडी आतून सुखरूप जावी, हे माप धरले जाई. हिवाळ्यातली व्यवस्था तर आजच्या वाचकाला उलटी वाटेल अशी होती. रस्त्यांवर बर्फ साचल्यावर सगळी वाहतूक चाकांऐवजी घसरपट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांनी होत असे. छपराखालची कोरडी लाकडी जमीन मात्र या गाड्यांना अडवत असे, म्हणून बाहेरचा बर्फ फावड्यांनी आत आणून पुलाच्या जमिनीवर पसरावा लागे आणि या कामासाठी गाव मजुरी देत असे. घोडे दौडत नेण्यास मनाई असे, कारण टापांच्या एकसारख्या ठेक्याने सांगाड्याला हादरे बसत. पुलाच्या आतल्या भिंती सर्कशीच्या आणि औषधांच्या जाहिरातींनी भरत. तरुण जोडप्यांना तिथे क्षणभर एकांत मिळे, आणि लोकांच्या बोलण्यात या पुलांविषयीची आपुलकी त्यातूनही आली.

कॉर्निश–विंडसर : एकाच जागेवरचे चार पूल

न्यू हॅम्पशायरमधील कॉर्निश आणि व्हरमाँटमधील विंडसर या दोन गावांच्या मधून कनेटिकट नदी वाहते. या ठिकाणी पहिला पूल १७९६ मध्ये उभा राहिला आणि १८२४ मध्ये वाहून गेला. त्याच्या जागी बांधलेला पूल १८४९ च्या पुरात गेला, आणि त्यानंतरचा १८६६ च्या मार्चमध्ये. त्याच वर्षी जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी सुमारे नऊ हजार डॉलर खर्चून सध्याचा पूल बांधला. दोन गाळे आणि सुमारे ४५० फूट लांबी असलेला हा पूल, लाकडी आणि छपराच्या दोन-गाळ्यांच्या पुलांमध्ये जगात सर्वांत लांब मानला जातो. त्याची कैची टाउनच्या जाळीवर आधारलेली असली, तरी तिच्यात पातळ फळ्यांऐवजी चौकोनी जाड लाकडे खाचा पाडून एकमेकांत बसवलेली आहेत. विंडसरजवळच्या एका कुरणात ती आधी जमिनीवर जुळवून पाहिली आणि मग नदीवर उभी केली.

पुलाच्या तोंडाशी एक पाटी आजही आहे. घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड भरा, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर रंगवलेला आहे. दोन राज्यांची सीमा नदीच्या पश्चिमेकडील काठाला लागून असल्यामुळे पूल जवळजवळ संपूर्णपणे न्यू हॅम्पशायरच्या हद्दीत येतो. त्या राज्याने तो १९३६ मध्ये कंपनीकडून विकत घेतला आणि १९४३ मध्ये पथकर कायमचा बंद केला. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने १९७० मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थापत्यकृतीचा मान दिला. तीन पुलांच्या नाशातून चौथा पूल उभा राहिला, या क्रमात एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्या काळातील लोक वाहून गेलेल्या पुलाचा शोक करत बसले नाहीत, आणि आहे त्या पुलाला चिरंतनही मानले नाही. नदीचा हक्क मान्य करून, प्रत्येक वेळी अधिक चांगला पूल बांधण्याची तयारी त्यांनी ठेवली.

ओल्ड ब्लेनहाइम : एका गाळ्याचा विक्रम

न्यू यॉर्क राज्यातील स्कोहॅरी काउंटीत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात, नॉर्थ ब्लेनहाइम हे लहानसे गाव आहे. तेथील स्कोहॅरी ओढ्यावर १८५५ मध्ये निकोलस पॉवर्स याने बांधलेला पूल हा लाकडी पूलबांधणीच्या कलेतील एक शिखर मानला जातो. पॉवर्सचा जन्म १८१७ मध्ये व्हरमाँटमधील पिट्सफर्ड येथे झाला. त्याने पहिला पूल बांधायला घेतला तेव्हा तो कायद्याने सज्ञानही नव्हता, म्हणून त्याच्या वडिलांना जामीन राहावे लागले. ब्लेनहाइमला त्याने जे आव्हान स्वीकारले ते मोठे होते. नदीच्या पात्रात एकही खांब न घेता सुमारे २१० फुटांचा गाळा पार करायचा होता, आणि तोही जाण्या-येण्याचे दोन वेगळे मार्ग असलेल्या रुंद पुलाने.

पॉवर्सने त्यासाठी दोनऐवजी तीन कैच्या उभ्या केल्या. बाजूच्या दोन कैच्या लाँगच्या पद्धतीच्या होत्या. मधली कैची मात्र अधिक उंच होती आणि तिच्यातून एक भक्कम लाकडी कमान काठाच्या दगडी आधारापासून निघून थेट छपराच्या कण्यापर्यंत चढत होती. ही मधली कैची पुलाला दोन मार्गांत विभागत असे आणि भाराचा मोठा वाटा स्वतःवर घेत असे. गावकऱ्यांना हा पूल उभा राहील यावर विश्वास नव्हता, आणि तात्पुरता आधार काढून घेण्याच्या वेळी पॉवर्स स्वतः छपरावर जाऊन बसला, अशी कथा त्या परिसरात सांगितली जाते. कथा कितपत खरी हे ठरवण्याची गरज नाही. आपल्या हातच्या कामाची जबाबदारी जिवाने घेणारा कारागीर, ही लोकांच्या मनातील पॉवर्सची प्रतिमा तिच्यात टिकून राहिली, आणि पुढच्या दीडशे वर्षांत त्या पुलाने ती खोटी ठरवली नाही. पॉवर्सने उतारवयात, १८८० मध्ये, व्हरमाँटमधील श्रूजबरी येथे बांधलेला ब्राउन पूलही आजतागायत उभा आहे आणि त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा आहे.

ऱ्हासाची कारणे

लाकडी पुलाचे दोन जुने शत्रू म्हणजे आग आणि पाणी. पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीवर कोलंबिया आणि राइट्सव्हिल या गावांना जोडणारा, मैलाहून अधिक लांबीचा छपराचा पूल अमेरिकन यादवी युद्धात जळाला. २८ जून १८६३ रोजी, गेटिसबर्गची लढाई सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, दक्षिणेकडील सैन्याने नदी ओलांडू नये म्हणून उत्तरेच्या बाजूच्या तुकड्यांनी तो पेटवला. पुराचा सर्वांत मोठा तडाखा व्हरमाँटला नोव्हेंबर १९२७ मध्ये बसला. त्या पुरात ८४ माणसे दगावली आणि राज्यातील १,२८५ पूल वाहून गेले. पुनर्बांधणी तातडीने करायची होती, लोखंड आणि काँक्रीट तोवर सहज मिळू लागले होते, आणि मोटारगाड्यांच्या काळात गवताच्या गाडीचे माप पुरेसे राहिले नव्हते. वाहून गेलेल्या लाकडी पुलांच्या जागी त्यामुळे बहुतेक ठिकाणी पोलादी किंवा काँक्रीटचे पूल आले.

जे पूल पुरातून वाचले तेही हळूहळू वापराबाहेर गेले. नवा रस्ता वळवला गेला की जुन्या पुलाकडे कोणी फिरकत नसे, छपराची लाकडी कौले उडाली तरी ती बदलली जात नसत, आणि मग ज्या कोरडेपणावर पुलाचे आयुष्य अवलंबून होते तोच संपत असे. ब्लेनहाइमचा पूल या वाटेवर जाता जाता राहिला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारीच पोलादी पूल झाल्यावर जुना पूल पाडण्याऐवजी काउंटीने तो ऐतिहासिक वास्तू म्हणून राखून ठेवला. एका ग्रामीण काउंटीने त्या काळी, मंदीच्या ऐन कडाक्यात, असा ठराव करणे ही साधी गोष्ट नव्हती. पुढे १९६४ मध्ये या पुलाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

जतनाचे शास्त्र आणि त्यातील मतभेद

विसाव्या शतकाच्या मध्यास या पुलांविषयी संघटित आस्था निर्माण झाली. पुलांची मोजदाद करणाऱ्या आणि त्यांच्या रक्षणासाठी प्रयत्न करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. न्यू हॅम्पशायरमधील मिल्टन ग्रेटन या कारागिराने जुन्या पद्धतीने, म्हणजे लाकडी खुंट्या, दोर, कप्प्या आणि बैल यांच्या साहाय्याने, पूल दुरुस्त करण्याची व बांधण्याची विद्या पुन्हा जिवंत केली. व्हरमाँटमधील वुडस्टॉक येथे १९६९ मध्ये त्याने आणि त्याच्या मुलाने टाउनच्या जाळीचा नवा पूल काठावर बांधून, बैलांच्या जोडीने ओढत प्रवाहावर नेऊन बसवला. बैल एका मोठ्या रहाटाला जुंपलेले असत, ते गोल फिरत आणि दोर गुंडाळला जाऊन पूल इंचाइंचाने पुढे सरके. जुनी पद्धत इथे कोणाला दाखवण्यासाठी वापरलेली नव्हती. यंत्राच्या धक्क्याने सांधे खिळखिळे होण्याचा धोका असतो, तो या संथ ओढीत टळत असे.

जतनाचा प्रश्न मात्र केवळ जुन्या हत्यारांनी सुटणारा नव्हता. कॉर्निश–विंडसर पुलाची कैची शंभर वर्षांच्या भाराने मधोमध खाली झुकली होती. १९८७ मध्ये पूल वाहतुकीसाठी बंद करण्यात आला आणि चाळीस लाखांहून अधिक डॉलर खर्चाच्या दुरुस्तीनंतर १९८९ च्या अखेरीस पुन्हा खुला झाला. या दुरुस्तीत खालच्या मुख्य तुळया, ज्यांच्यावर सगळा ताण येतो, जुन्या घडीव लाकडाऐवजी थरांच्या लाकडाच्या बसवल्या. थरांचे लाकूड म्हणजे पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून, दाबाखाली घट्ट केलेली तुळई; ती एकसंध लाकडापेक्षा लांब करता येते आणि तिच्यातील गाठी व भेगांचा दोष विभागला जातो. काही पारंपरिक कारागिरांना आणि इतिहासप्रेमींना हा मार्ग पटला नाही. त्यांच्या मते जुना सांगाडा जुन्याच रीतीने, तुकडे जोडत आणि बदलत, दुरुस्त करता आला असता. अभियंत्यांचे म्हणणे असे की, पूल रोजच्या वाहतुकीसाठी वापरायचा असेल तर त्याच्या ताकदीचा हिशेब आजच्या नियमांनी मांडावाच लागतो.

या मतभेदात दोन्ही पक्षांचे म्हणणे वजनदार आहे आणि त्याचा निकाल एका वाक्यात लावता येत नाही. तरीही कॉर्निश–विंडसरचा पूल आज माणसांची आणि गाड्यांची ये-जा सोसत उभा आहे, ही वस्तुस्थिती निर्णायक मानावी लागेल. वापरात असलेल्या पुलाचे छप्पर कधी गळते ते रोज कोणाच्या तरी नजरेस पडते. वापराबाहेर गेलेल्या पुलाचे गळणारे छप्पर पाच वर्षे कोणाला दिसत नाही. दुरुस्तीच्या पद्धतीविषयी मतभेद असले तरी, वापर हा जतनाचा सर्वांत स्वस्त पहारेकरी आहे, हे दोन्ही बाजूंनी मान्य करण्याजोगे आहे.

व्हरमाँटचे सिनेटर जेम्स जेफर्ड्स यांच्या पुढाकाराने १९९८ च्या वाहतूक कायद्यात ऐतिहासिक छपराच्या पुलांच्या जतनासाठी राष्ट्रीय कार्यक्रमाची तरतूद झाली. त्यातून दुरुस्तीला निधी मिळालाच, शिवाय एक दूरगामी काम झाले. देशातील महत्त्वाच्या पुलांची मापे घेऊन, त्यांचे सांधे, कैच्या आणि खुंट्या यांची तपशीलवार रेखाचित्रे, छायाचित्रे आणि इतिहास नोंदवण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्या वेळी हे काम अनेकांना केवळ कागदोपत्री वाटले असेल, परंतु दशकभरातच त्याची किंमत सर्वांना कळून चुकली.

२८ ऑगस्ट २०११

आयरीन नावाचे चक्रीवादळ २८ ऑगस्ट २०११ रोजी न्यू यॉर्क आणि व्हरमाँटवरून गेले. वाऱ्यापेक्षा त्याने आणलेला पाऊस घातक ठरला. डोंगरउतारांवरून पाणी एकाच वेळी दऱ्यांत उतरले आणि ओढ्यांना नद्यांचे रूप आले. स्कोहॅरी ओढ्याची ताकद यापूर्वीही दिसली होती. १९८७ च्या एप्रिलमध्ये याच ओढ्यावरील महामार्गाचा, तेहतीस वर्षांपूर्वी बांधलेला काँक्रीट-पोलादी पूल, खांबाच्या पायाखालची माती पाण्याने कोरून काढल्यामुळे कोसळला होता आणि दहा माणसे मृत्युमुखी पडली होती. लाकूड कच्चे आणि काँक्रीट पक्के, हा सरधोपट समज त्या घटनेनेच खोडून काढला होता. आयरीनच्या दिवशी मात्र पाणी ब्लेनहाइमच्या जुन्या पुलाच्या जमिनीपर्यंत चढले, आणि १५६ वर्षे उभी असलेली ती रचना उचलली जाऊन प्रवाहाबरोबर गेली. नंतर तिचे मोडके अवशेष काठाकाठाने गोळा करावे लागले.

त्याच दिवशी व्हरमाँटमधील रॉकिंगहॅम गावच्या हद्दीतील बार्टन्सव्हिल पूलही विल्यम्स नदीत पडला. सॅनफर्ड ग्रेंजर याने १८७० मध्ये बांधलेला, १५१ फूट लांबीचा, टाउनच्या जाळीचा हा पूल त्याच्या आधीच्या वर्षीच्या पुरानंतर उभारलेला होता. काठाचा आधार पाण्याने खचल्यावर तो एका बाजूने कलला, छपरासकट नदीत उतरला आणि क्षणभर अखंड तरंगत जाऊन दिसेनासा झाला. एका रहिवाशाने टिपलेले ते चित्रण जगभर पाहिले गेले.

दोन्ही ठिकाणी पुढे जे घडले ते या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण आहे. बार्टन्सव्हिलचा पूल रोजच्या वापरातला होता. तिथे साधा पूल स्वस्तात आणि लवकर झाला असता. तरीही गावाने पुन्हा टाउनच्या जाळीचा, लाकडी आणि छपराचाच पूल बांधायचे ठरवले. नवा पूल १६८ फुटांचा, म्हणजे आधीपेक्षा लांब केला, नदीला अधिक जागा ठेवली, आजच्या वाहनांचा भार पेलेल अशी त्याची मापे धरली, आणि २०१३ च्या जानेवारीत तो खुला झाला. ब्लेनहाइमची परिस्थिती अधिक कठीण होती. तो पूल कित्येक दशके वाहतुकीसाठी वापरात नव्हता, आणि आपत्ती-निवारणाच्या केंद्रीय यंत्रणेने पुनर्बांधणीचा खर्च देण्यास आधी नकार दिला. काउंटीने पाठपुरावा सोडला नाही, अखेर निधी मंजूर झाला, आणि २०१७ मध्ये सुरू झालेले काम २०१८ मध्ये पुरे झाले. पॉवर्सच्या तीन कैच्या आणि मधली कमान, पूर्वी काढून ठेवलेल्या मापांच्या आणि रेखाचित्रांच्या आधारे, पुन्हा घडवण्यात आल्या. पूल आधी काठावरच्या मैदानात जुळवला, मग यंत्रांच्या साहाय्याने सरकवत जुन्याच जागेवर नेला, मात्र त्याची पातळी जुन्यापेक्षा बरीच उंच ठेवली, जेणेकरून पुढचा पूर खालून जाईल.

जतनाचा अर्थ

नवा ब्लेनहाइम पूल हा खरा ब्लेनहाइम पूल आहे काय, असा आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. मूळ लाकूड, त्यावरच्या कुऱ्हाडीच्या खुणा, दीडशे वर्षांच्या पावलांनी झिजलेली जमीन, हे सारे पुराबरोबर गेले, आणि ते परत आणता येत नाही. स्मारकाचा जुना दर्जाही या नव्या बांधकामाला आपोआप लागू होत नाही, आणि तसे असणे योग्यच आहे, कारण इतिहासाच्या साधनांमध्ये मूळ वस्तू आणि तिची प्रतिकृती यांतील भेद पुसला गेला तर अभ्यासाचा पायाच ढासळतो. तथापि लाकडी पुलाच्या बाबतीत हा भेद दगडी मंदिराइतका किंवा हस्तलिखिताइतका सरळ नाही. या पुलांची कौले, बाजूच्या फळ्या, रस्त्याची जमीन आणि अनेकदा तुळयाही आयुष्यभर बदलल्या जात आल्या आहेत. बदल सोसत टिकणे हे त्यांच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे, आणि छप्पर हे तर बदलता यावे म्हणूनच घातलेले असते.

म्हणून या पुलांच्या जतनाचे मोजमाप किती जुने लाकूड उरले एवढ्यावरून करणे अपुरे ठरते. कॉर्निश–विंडसरने वापर टिकवला, बार्टन्सव्हिलने बांधणीची रीत टिकवली, आणि ब्लेनहाइमने मापे व ज्ञान टिकवले. या तिन्हींमध्ये ज्या तीन गोष्टी समान आहेत त्यांच्याशिवाय कोणतीही ग्रामीण लाकडी वास्तू वाचत नाही. पहिली म्हणजे नोंद. पूल शाबूत असताना काढलेले प्रत्येक सांध्याचे माप हाच तो गेल्यानंतरचा एकमेव आधार असतो. दुसरी म्हणजे कारागीर. खुंटी कोणत्या दिशेने ठोकायची आणि तुळईला किती वरचा उभार द्यायचा हे कागदावर पुरते उतरत नाही, ते हाताने हाताला शिकवावे लागते, आणि ग्रेटनसारख्या माणसांनी ती साखळी तुटू दिली नाही म्हणूनच नवे पूल बांधता आले. तिसरी म्हणजे गावाची इच्छा. गावसभेत खर्चाला मत देणारे, पुलाचे छप्पर वेळेवर बदलणारे, पुरानंतर पुन्हा लाकडाचाच पूल मागणारे लोक नसतील, तर निधी आणि तज्ज्ञ असूनही काही साधत नाही.

हवामानबदलामुळे अशा पुरांची तीव्रता वाढत असताना या पुलांपुढचा धोका कमी होणारा नाही, आणि जाणूनबुजून लावलेल्या आगींनीही अलीकडच्या काळात काही जुने पूल गिळले आहेत. धोक्याच्या या यादीत सर्वांत सहज टाळता येण्याजोगा धोका मात्र दुर्लक्षाचाच आहे. दोनशे वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाच्या न्यायाधीशाने पुलावर छप्पर घालण्याचा जो आग्रह धरला त्यामागचा हिशेब आजही तसाच लागू पडतो. छपराच्या डागडुजीचा वर्षाचा खर्च आणि संपूर्ण पूल नव्याने बांधण्याचा खर्च यांत जे अंतर आहे, त्याच अंतरात या पुलांचे भवितव्य ठरते, आणि तो लहान खर्च वेळच्या वेळी करणारी गावेच आपले पूल पुढच्या पिढीच्या हाती देऊ शकतील.